सुकलाल मिस्त्रींची एकच यादी

‘तुमनाकडे मानूस आजारी पडना ते काय करतस?’

परमुलखातला कोणीही माणूस आमच्या गिरणीत आला की सुकलाल मिस्त्री त्याला, माणूस आजारी पडला तर तुमच्याकडे काय करतात, हा एवढा प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नसत. नाव-गाव नंतर, पाऊसपाण्याच्या गोष्टी त्याहून नंतर. समोरच्याला अहिराणी कळत नसली तर मोडक्या हिंदीत विचारत. साहेब असला तर लढाईत बसऱ्याला शिकलेले दहा-वीस इंग्रजी शब्द पुढे करत. प्रश्न मात्र तोच.

खानदेशात तेव्हा कापडाच्या मोजक्याच गिरण्या होत्या. त्यांतली ही कोणती, ते मी सांगत नाही. तिथल्या माणसांची मुलंबाळं अजून त्याच गावात आहेत. मी तिथं हजेरीचा कारकून होतो आणि मिस्त्री इंजिनघरात फिटर. मी नोकरीला लागलो तेव्हा पंचविशीत होतो, मिस्त्रींनी चाळिशी ओलांडली होती. ठेंगणा बांधा, मनगटं जाड, दोरा बांधलेला चष्मा, खांद्यावर तेलकट फडकं. मूळचे अमळनेरकडच्या एका खेड्यातले. ऑफिसात आले की शुद्ध बोलायचा नेट धरत, पण मन जरा हललं की अहिराणीवर येत.

त्यांची एक सवय होती. इंजिनाचं बेअरिंग तापलंय का, हे ते तळहातानं पाहत नसत. हात उलटा करून बोटांची मागची बाजू हळूच टेकवत, आपण लेकराच्या कपाळाला लावतो तशी. मग डोळे मिटून थोडा वेळ थांबत. ‘आज तब्येत बरी नही शे तिची,’ असं म्हणाले की इंजिन थांबवावंच लागे. मॅनेजर चिडे, घड्याळ काढून दाखवे, पण मिस्त्रींचा अंदाज चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

दरसाल दिवाळीच्या सुमाराला इंजिन उघडून साफ करायचं काम निघे. एका वर्षी त्याला बारा दिवस लागले. मॅनेजर इंजिनघरात येऊन कुरकुरला तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले, ‘साहेब, इंजिनाले बारा दिवस सुटी देतस आपण. तेल चालूच ऱ्हास. मानसाले तीन दिवस बी नही.’ मॅनेजर हसला. त्याला तो विनोद वाटला. आम्हीही हसलो. मिस्त्री हसले नव्हते, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

त्या प्रश्नाची जी उत्तरं मिळत, ती ते एका वहीत उतरवून घेत. त्यांना छापील अक्षर चांगलं वाचता येई, पण लिहिताना हात आखडे. म्हणून वही माझ्याकडे येई. दुपारच्या सुट्टीत डबा आवरून ते माझ्या टेबलापाशी येत, स्टुलाच्या अगदी कडेवर बसत आणि सांगत. मी लिही. माझं अक्षर बरं होतं. मिस्त्री त्याचं फार कौतुक करत. ‘दत्तूभाऊ, तुमनं अक्षर म्हंजे मोत्याची माळ,’ असं म्हणत आणि लिहिलेलं सगळं पुन्हा मोठ्यानं वाचून पाहत.

रंग विकणारा एक जर्मन वर्षातून एकदा येई. त्यानं सांगितलं की त्यांच्याकडे कारखान्यातल्या माणसाला आजारात पैसे मिळतात, आणि हे त्याच्या बापाच्या लहानपणापासून चालत आलंय. मिस्त्रींनी त्याला तीन वेळा विचारलं, ‘बापना का आजाना?’ कापूस घ्यायला जळगावला एक जपानी राहत असे. गाठी बांधायच्या यंत्राच्या कामासाठी मिस्त्री एकदा जळगावला गेले, ते त्याला गाठूनच आले. जपानात नुकताच कायदा झाला होता. आजारी कामगाराला पगाराच्या अर्ध्याहून थोडं जास्त मिळायचं. हिंग विकायला येणारा पठाण म्हणाला, ‘हमारे यहाँ आदमी बीमार हो, तो उसका भाई काम करता है.’ मी हे लिहायचं टाळत होतो. मिस्त्री म्हणाले, ‘लिखा. ती बी एक तजवीज शे.’ म्हणून वहीत जर्मनी आणि जपान यांच्या खाली एका ओळीत लिहिलेलं होतं: ‘काबूल. भाऊ काम करतो.’

हे वेड त्यांना कशानं लागलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पहिल्या महायुद्धात सरकारनं मुंबईहून फिटर भरती करून बसऱ्याला नेले होते. मिस्त्री त्यांत होते. तिथल्या कारखान्यात एका लेथवर ते आणि हॅरिस नावाचा एक गोरा, असे दोघं पाळीनं काम करत. दोघांना एकाच आठवड्यात ताप आला. दोघंही सतरा दिवस पडून होते. बरे होऊन पगाराला गेले, तर हॅरिसचा पगार पुरा आला आणि मिस्त्रींचे सतरा दिवस कापलेले.

‘मी त्याले इचारं, तुले कसं काय? तो म्हने, आमच्या गावी कार्ड ऱ्हास. मालक दर आठवड्याले त्याच्यावर तिकीट लावस. आजारी पडलं की पैसे.’ मिस्त्रींनी चष्मा काढून फडक्यानं पुसला. मग म्हणाले, ‘त्याले लाज वाटली. तंबाखूचा डबा माले देऊ लागला. मी नही लिधा. पण मानूस वाईट नव्हता. त्याचं नाव दुसऱ्या यादीत व्हतं, इतकंच.’

त्यानंतर मात्र ते जे बोलले ते मी नीट ऐकलं होतं, म्हणून लिहितो. ‘दत्तूभाऊ, आजार एक, लेथ एक, मग याद्या दोन कशाले? याद्या दोन झाल्या की गरीब मानूस बुडना समजा.’

मी मान डोलावली होती.

हुसेनचं जे झालं, ते या सगळ्यानंतर दोन-तीन वर्षांनी. हुसेन विणाई खात्यात दोन माग चालवायचा. त्याचा बाप धुळ्याला हातमागावर लुगडी विणत असे, पण गिरणीच्या कापडापुढे त्याचं काही चालेना, म्हणून पोरगा गिरणीत आला. अंगानं किरकोळ, पण काम स्वच्छ. त्या वर्षी हिवतापाची साथ होती. हुसेन तीन दिवस पडून राहिला. आमच्याकडे रिवाज असा की तीन दिवसांहून जास्त खाडा झाला की मुकादम माग बदलीवाल्याला देऊन टाकायचा. बदलीवाला म्हणजे रोज सकाळी दारात उभा राहणारा माणूस. कोणी आलं नाही की त्याची वर्णी. एकदा माग त्याच्या हाती गेला की परत मिळेल याची खात्री नसे. म्हणून चौथ्या दिवशी हुसेन ताप अंगात घेऊनच आला. अकराच्या सुमाराला त्याला चक्कर आली. पडताना आधाराला हात टाकला, तो चाकांच्या दातांत. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

इंजिन बंद करायला माणूस धावला, पण मिस्त्रींनी आधीच बंद केलं होतं. विणाई खात्यात काहीतरी झालंय, हे त्यांना आवाजातल्या फरकानं कळलं म्हणे. हुसेनचा हात त्यांनीच बांधला. त्याला टांग्यात घालून दवाखान्यात पाठवलं आणि ते तसेच ऑफिसात आले. खांद्यावरचं फडकं रक्तानं भरलेलं. मॅनेजरच्या टेबलासमोर उभे राहिले.

‘साहेब, याले चार दिवस घरी झोपू दिलं असतं, तर गिरणीनं काय गेलं असतं?’

मॅनेजर म्हणाला, ‘मिस्त्री, त्याला ताप होता, तर त्यानं यायला नको होतं.’

‘तो नही येता, तर त्याचा माग ऱ्हाता का?’

मॅनेजरनं समोरचे कागद सारखे केले. मिस्त्री फडकं सावरून निघून गेले. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘दुपारले कागद काढून ठेवा.’

त्या दुपारी अर्ज लिहिला गेला. मागणी एकच. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर वर्षातून पंधरा दिवस आजारपणाची रजा, निम्म्या पगारी, आणि त्या काळात जागा बदलीवाल्याकडे कायमची जाणार नाही. मी विचारलं, पूर्ण पगार का मागत नाही? ते म्हणाले, ‘निम्म्यात मानूस मरत नही. आनि निम्मं मांगं तर ते हट्ट करतस असं कोनी म्हनत नही.’

मग ते म्हणाले, ‘वरती लिखा: गिरणीत काम करणारे बठ्ठे. कारकून बी.’

मी थबकलो. बठ्ठे म्हणजे सगळेच. आम्हा अकरा कारकुनांना महिन्याचा पगार होता. आजारी पडलो तर दिवस कापले जात, पण जागा जात नसे. आमचं दुखणं कामगारांइतकं नव्हतं. हेडक्लार्क नानांना तर कामगारांच्या अर्जावर सही करणं म्हणजे पायरी उतरणं वाटलं असतं. मी तसं मिस्त्रींना सांगितलं.

‘कारकून काय लोखंडाचा शे का? त्याले ताप येत नही?’ मिस्त्री म्हणाले. ‘दत्तूभाऊ, यादी एकच पाहिजे. मी नानांकडे जातो.’

ते खरंच गेले. नानांच्या घरी, रविवारी सकाळी, धुतलेलं धोतर नेसून. काय बोलणं झालं माहीत नाही, पण त्या वर्षी नानांच्या जावयाला क्षय झाला होता आणि धुळ्यातली त्याची नोकरी सुटली होती. नानांनी सही केली. मग आम्ही सगळ्यांनी केली. सगळ्यांत वर मिस्त्रींनी माझं नाव लिहायला लावलं, कारण अर्ज माझ्या हातचा होता. त्यांच्याच शब्दांत, ‘ज्यानं लिखं, तो पहिला.’

खरं सांगतो, त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. इंजिनघरातून जाताना माणसं ‘राम राम, दत्तूभाऊ’ म्हणू लागली. हुसेन दवाखान्यातून आला तो हात गळ्यात बांधून माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि नुसता हसला.

अर्ज नाकारला गेला. शेठ मुंबईला राहत. त्यांचं पत्र आलं की असली प्रथा या देशात नाही. मिस्त्री पत्र ऐकून म्हणाले, ‘देशाले कोनी इचारं व्हतं का?’ दुसऱ्या आठवड्यात गिरणी थांबली.

संपाचे पहिले दिवस सगळे संप जसे असतात तसेच होते. भजनं झाली, धुळ्याहून एक वकील येऊन भाषण करून गेले, नदीच्या वाळूत पोरांनी खेळ मांडला. लक्षात राहिलं ते एवढंच की आम्ही अकरा कारकूनही कामावर गेलो नव्हतो. कोट-टोपी घालून दारासमोरच्या निंबाखाली कामगारांशेजारी बसत होतो. मिस्त्री रोज सकाळी येत आणि एकेकाच्या घरची चौकशी करत. कोणाकडे ज्वारी संपली, कोणाची बायको बाळंत झाली, सगळं त्यांना ठाऊक असे. त्यांची बायको गजराअक्का दुपारी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि ठेचा घेऊन येई. तीही माणसं पाहून वाढत नसे, ओळीनं वाढत जाई.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी नानांनी मला आणि इतर कारकुनांना घरी बोलावलं. घरात मॅनेजर बसलेला होता. त्याच्यासमोर चहा होता, आमच्यासाठीही आला. तो फार सौम्यपणे बोलला. शेठना कारकुनांबद्दल आदर आहे, कारकुनांचं काम डोक्याचं आहे, त्यांना कामगारांत मोजणं ही चूकच झाली. यापुढे कारकुनांना वर्षातून एक महिना आजारपणाची रजा, पूर्ण पगारी. सोमवारपासून कामावर यावं. आणि आपला प्रश्न कामगारांच्या प्रश्नाहून वेगळा आहे, असं फक्त लिहून द्यावं.

नानांनी चहाचा कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘दत्तू, तुझं अक्षर चांगलं आहे.’

त्या वेळी माझी बायको आजारी होती, असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. ती आजारी होती, हे खरं. पण तिच्यासाठी मी ते केलं नाही. पंधरा दिवस निम्म्या पगाराऐवजी महिनाभर पुऱ्या पगाराची रजा मला मिळत होती, आणि ती घ्यायला फक्त एक कागद लिहायचा होता. म्हणून लिहिला. मॅनेजर सांगत गेला, मी लिहीत गेलो. शेवटी तो म्हणाला, ‘आणखी एक वाक्य टाका: आजारपणाच्या रजेची कामगारांची मागणी अवाजवी आहे, असं आमचं मत आहे.’

माझी लेखणी थांबली. मी नानांकडे पाहिलं, नाना खिडकीबाहेर पाहत होते. मग मी ते वाक्य लिहिलं. सुबक लिहिलं. ‘अवाजवी’ शब्दातला ज मला थोडा तिरका वाटला, तर तो मी नीट करून घेतला. हे मला अजून आठवतं.

सोमवारी सकाळी तो कागद गिरणीच्या दारावर चिकटवलेला होता.

तो तिथं लागणार आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही अकरा जण घोळक्यानं आलो तेव्हा दारासमोर तीन-चारशे माणसं जमलेली होती. वाचता येणारे थोडे. कोणीतरी हाक मारली, ‘मिस्त्रीआबा, काय लिखं शे, वाचा ना.’ मिस्त्री पुढे झाले. चष्मा सावरला. कागदाकडे पाहिलं, आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली नाही.

मी दहा-बारा पावलांवर होतो. त्यांची पाठ मला दिसत होती. अक्षर कोणाचं आहे हे त्यांना पहिल्या ओळीतच कळलं असणार. त्या अक्षरातली किती पानं त्यांनी मोठ्यानं वाचली होती. थोड्या वेळानं त्यांनी घसा साफ केला आणि वाचू लागले. सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. एकही शब्द गाळला नाही. ‘अवाजवी’ आलं तेव्हाही आवाज हलला नाही. मग खालच्या सह्या वाचल्या. पहिलं नाव नानांचं, दुसरं माझं, मग पुढचे.

मग मागून कोणीतरी विचारलं, ‘हाई कोनी लिखं?’

हुसेन मिस्त्रींच्या शेजारीच उभा होता. तोही त्यांच्याकडे पाहत होता. मिस्त्री म्हणाले, ‘सह्या अकरा शेतस. बठ्ठासनं एकच मत शे.’

त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर त्या दिवशी माझं काय झालं असतं, मला सांगता येत नाही. लोकांच्या हातात दगड होते. मिस्त्री कागदापासून बाजूला झाले आणि लोकांना म्हणाले, ‘त्यांले जाऊ द्या.’ गर्दीत वाट झाली. आम्ही एकामागून एक आत गेलो. मी त्यांच्या अगदी जवळून गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मान वळवलीही नाही. समोर पाहत उभे राहिले.

संप त्यानंतर सहा दिवस टिकला. कारकुनांनीच अवाजवी म्हटलं, मग आपण कशावर बसलोय, असं लोक म्हणू लागले. धुळ्याचे वकीलही फिरकले नाहीत. सातव्या दिवशी भोंगा झाला आणि माणसं खाली मान घालून आत आली. मागणीतलं काही मिळालं नाही. चौघांना काढून टाकलं. मिस्त्रींना काढलं नाही, कारण इंजिन दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं. हुसेनला मागावरून काढून झाडलोटीला लावलं.

मिस्त्री बदलले नाहीत. सकाळी समोर आले की ‘राम राम’ म्हणत. इंजिनघरासाठी तेल, सूत, चिंध्या लागल्या की चिठ्ठी घेऊन माझ्याकडेच येत. फक्त वही आणायचे थांबले. त्यांनी ती लिहिणं सोडलं असं मी धरून चाललो होतो. एकदा इंजिनघरात कामासाठी गेलो, तर ते खिडकीशी बसून काहीतरी लिहीत होते. वाकडी, मोठाली अक्षरं. एकेक काना ओढायला वेळ लागत होता. मला पाहून त्यांनी वही मिटली नाही. माझ्यापुढेही केली नाही. लिहीत राहिले.

वर्षभरानं मला मुदतीचा ताप आला. सव्वीस दिवस अंथरुणात होतो. पगार पुरा आला, घरपोच आला. नानांनी माणसाबरोबर पाठवला. अकराव्या-बाराव्या दिवशी, जरा शुद्धीवर असताना, दारात मिस्त्री दिसले. हातात झाकलेलं भांडं. गजराअक्कानं मुगाचं पाणी पाठवलं होतं. ते माझ्या बायकोच्या हाती दिलं, माझ्याजवळ येऊन बसले आणि हात उलटा करून बोटांची मागची बाजू माझ्या कपाळाला लावली. डोळे मिटले.

‘उतरी ऱ्हायना,’ ते म्हणाले. म्हणजे ताप उतरत होता.

मला बोलायचं होतं. ओठ सुकले होते. ‘आबा...’ एवढंच म्हणालो.

‘बोलू नका. झोपून ऱ्हा. घाई करू नका कामावर यायची.’ ते उठले, धोतर झटकलं. ‘तुमची रजा शे.’

त्यात टोमणा होता का, हे मी कितीतरी दिवस शोधत राहिलो. त्यांचा आवाज, चेहरा, उठतानाची हालचाल, सगळं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली. गिरणी रात्रंदिवस चालू लागली, सरकारी कापडाचा धडाका लागला. इंजिनाला वार्षिक सुटीही मिळेना. मिस्त्री दोन-दोन पाळ्या उभे राहत. पन्नाशी कधीच उलटली होती. छातीत कफ धरायचा, खोकला आला की भिंतीला हात टेकून वाकायचे. एका हिवाळ्यात ते आले नाहीत. एक दिवस, दोन, मग आठवडा. हुसेननं सांगितलं, छातीत पाणी झालंय, गिरणीच्या डॉक्टरनं पडून राहायला सांगितलंय.

नियम होता: माग तीन दिवसांत दुसऱ्याकडे गेला तरी मस्टरवरचं नाव कमी व्हायचं ते पंधरा दिवस खाडा झाल्यावर. मस्टर माझ्याच हातात होतं. बारावा दिवस उलटला आणि मी तेराव्या दिवशी त्यांच्या नावापुढे हजेरी मांडली. चौदाव्या दिवशी मांडली. पंधराव्या, सोळाव्या. नवा मॅनेजर इंजिनघरात जात नसे, नाना म्हातारे झाले होते, मस्टर तपासत नव्हते. मला वाटलं, महिनाभर असं काढता येईल, मग ते बरे होतील. सोळाव्या दिवशी हुसेनला मी हळूच सांगितलं, आबांना सांग, काळजी करू नका, नाव चालू आहे. तो आनंदानं गेला.

सतराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मिस्त्री ऑफिसात आले. हुसेनच्या खांद्यावर एक हात होता. शरीर निम्मं झालं होतं. स्टुलावर टेकले, बराच वेळ दम घेत राहिले. पलीकडच्या टेबलावर नाना होते, म्हणून आवाज बारीक ठेवला.

‘मस्टर काढा.’

मी काढलं. त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवलं आणि ते ओळीतून सरकवत नेलं.

‘हे चार दिवस मी नव्हतो.’

‘राहू द्या, आबा.’

‘खोडा.’

‘खोडलं तर नाव कमी होईल. या वयात पुन्हा कोण घेणार तुम्हाला?’

‘व्हऊ द्या कमी.’ ते खोकले, फडकं तोंडाला धरलं. मग म्हणाले, ‘जे मी उघड मांगं, ते चोरीसन कसं लेऊ? आनि तुम्ही कोना-कोनाले द्याल असं? त्या तिकडे रिंग खात्यात सात जन पडेल शेतस. त्यांचं लिखं का?’

मी लिहिलं नव्हतं. त्या सात जणांची नावंही मला सांगता आली नसती.

‘आबा, तो कागद...’ मी सुरुवात केली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

त्यांनी हात वर केला. रागानं नव्हे, पुढून येणाऱ्या माणसाला आपण थांबवतो, तसा. आणि बोट पुन्हा मस्टरवर ठेवलं. ‘हे पहिलं.’

मी लाल शाईनं चारही हजेऱ्या खोडल्या. सतराव्या दिवसाच्या घरात ‘नाव कमी’ लिहिलं. ते शेवटपर्यंत पाहत होते. मग म्हणाले, ‘बरं,’ आणि हुसेनच्या खांद्याला धरून उठले.

दहा-पंधरा दिवसांत गजराअक्का त्यांना गाडीत घालून गावी घेऊन गेली, आणि पुढच्या महिन्यात ते गेल्याचं हुसेननं सांगितलं. पण माझ्यापुरते ते त्याच दिवशी गेले. माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून गिरणीचं आवार दारापर्यंत दिसायचं. लख्ख ऊन होतं. ते दोघं आवार ओलांडत होते. सरकीच्या ढिगापाशी मिस्त्री थांबले, वाकले, खोकले. पुन्हा चालू लागले. पाण्याच्या हौदापाशी थांबले. हुसेन एकटा त्यांना सावरू शकत नव्हता. दोन बोटं नसलेल्या हाताची पकड सुटत होती. तिसऱ्यांदा ते दाराच्या अलीकडे, उन्हातच, जमिनीवर बसले. बराच वेळ बसून होते. हुसेन इकडे-तिकडे पाहत होता, कोणी येतंय का म्हणून. एकदा त्यानं खिडकीकडेही पाहिलं.

नाना समोरच बसले होते. दहा मिनिटांची रजा मागितली असती तर त्यांनी दिली असती. मी मागितली नाही.